मर्यादा १८,००० ची, डिस्क फुटली १५,५०३ वर

१९ जुलै १९८९ ची दुपार. डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं युनायटेड एअरलाइन्सचं फ्लाइट २३२, डीसी-१० जातीचं तीन इंजिनांचं विमान. त्याच्या शेपटीतल्या इंजिनात पुढच्या पंख्याची टायटॅनियमची डिस्क फिरत होती. अनुक्रमांक एमपीओ ००३८५. तिच्या नोंदीत ४१,००९ तास आणि १५,५०३ सायकल (एक उड्डाण म्हणजे एक सायकल) जमा होत्या. मर्यादा होती १८,००० सायकलची. म्हणजे कागदावर तिची २,४९७ उड्डाणं अजून शिल्लक होती.

दुपारी सव्वातीनच्या सुमारास, ३७,००० फुटांवर, ती डिस्क फुटली. त्या फुटण्याने तिन्ही हायड्रॉलिक प्रणाली, म्हणजे तेलाच्या दाबाने विमानाची नियंत्रणं हलवणाऱ्या यंत्रणा, निकामी झाल्या आणि वैमानिकांच्या हातातलं एकही नियंत्रण चालेनासं झालं. कॅप्टन अल हेन्स, त्यांचे दोन सहकारी आणि प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच यांनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करत पाऊण तास विमान हाकलं आणि आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. विमानातल्या २९६ जणांपैकी ११२ दगावले, १८४ वाचले. त्या पाऊण तासाबद्दल खूप लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. मला मात्र इथे त्याआधीची अठरा वर्षं मांडायची आहेत, कारण इंजिनांच्या नोंदी सांभाळणाऱ्या माणसासाठी अपघात तिथे आहे.

आमच्या इंजिन दुरुस्तीच्या शॉपमध्ये नवीन येणाऱ्या पोरांना एलएलपी, म्हणजे लाइफ लिमिटेड पार्ट, ठरावीक आयुर्मान संपलं की काढायचाच असा भाग, ही कल्पना समजावताना मी हेच प्रकरण घेतो. कारण बहुतेकांच्या डोक्यात एक सोपं चित्र असतं: मर्यादा १८,००० असेल तर १७,९९९ पर्यंत भाग ठणठणीत आणि त्यानंतर धोका. औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारखं. ही समजूत किती अपुरी आहे ते ००३८५ सांगते.

१८,००० आला कुठून

जेट इंजिनातल्या पंख्याचं एखादं पातं तुटलं तर त्याचं बाहेरचं कवच ते अडवू शकतं. तसं ते अडवतं हे निर्मात्याला चाचणी करून दाखवावं लागतं. डिस्कचं तसं नाही. त्या विमानाच्या सीएफ६-६ इंजिनातली ही डिस्क साधारण ३७० पौंडांची, म्हणजे १६८ किलोच्या आसपास, आणि व्यासाने ३२ इंच. तिच्या कडेच्या खाचांमध्ये ३८ पाती बसलेली. हे सगळं मिनिटाला हजारो फेरे घेत असताना फुटलं, तर त्या तुकड्यांना थोपवेल असं कवच विमानाला पेलणारं नाही. म्हणून डिस्क फुटूच द्यायची नाही, हा एकच मार्ग उरतो. आयुर्मानाची मर्यादा तिथून जन्माला येते.

प्रत्येक उड्डाणात इंजिन थंड स्थितीतून पूर्ण ताकदीला जातं आणि परत थांबतं. दर वेळी डिस्क ताणली जाते आणि सैल पडते. डिस्कचा सगळ्यात जास्त ताणलेला भाग म्हणजे तिच्या मधल्या भोकाची आतली बाजू, बोअर. तार वाकवून सरळ करत राहिलं की ती शेवटी तुटते, तसा धातू असंख्य ताणांनी थकतो. हा थकवा तासांवर कमी आणि सायकलींवर जास्त अवलंबून असतो, म्हणून मोजदाद सायकलींची. ००३८५ चं सरासरी उड्डाण काढलं तर ते २.६ तासांचं येतं. तेच इंजिन एक-एक तासाच्या फेऱ्यांवर लावलं असतं, तर तेवढ्याच तासांत सायकली अडीचपटीहून जास्त झाल्या असत्या.

इंजिन बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकच्या हिशेबाने ही डिस्क ५४,००० सायकल तग धरणार होती. नियमाप्रमाणे त्याच्या एक-तृतीयांशावर मर्यादा ठेवली: १८,०००. तिप्पट राखीव ठेवूनही डिस्क मर्यादेच्या ८६ टक्क्यांवर गेली, हे पहिल्यांदा वाचताना मला झोप लागली नव्हती. हिशेब चुकला होता का? नाही. हिशेब होता तो निर्दोष धातूचा. ००३८५ चा धातू निर्दोष नव्हता.

१९७१ ची भट्टी

टायटॅनियमचा कच्चा माल स्पंजासारखा सच्छिद्र असतो. तो दाबून, जोडून त्याचा लांब दांडा करतात आणि निर्वात भट्टीत विजेच्या ज्योतीने वितळवतात. वितळलेला माल गोठला की पुन्हा वितळवतात. या प्रवासात कुठेतरी तापलेल्या टायटॅनियमला हवा लागली, तर तिथला कण नायट्रोजन शोषून घेतो आणि कठीण, ठिसूळ होतो. याला हार्ड अल्फा म्हणतात. बाकीच्या धातूपेक्षा तो जास्त तापमानाला वितळतो, म्हणून भट्टीतून न विरघळता तसाच बाहेर पडू शकतो. वरणात राहिलेल्या हिंगाच्या खड्यासारखा. कितीही ढवळलं तरी तो एका जागी बसून असतो.

००३८५ चा धातू फेब्रुवारी १९७१ मध्ये ओतला गेला. तेव्हाची पद्धत दोनदा वितळवण्याची होती. १९७२ च्या सुरुवातीपासून जनरल इलेक्ट्रिकने अशा फिरत्या भागांसाठी तीनदा वितळवलेला धातू घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे हार्ड अल्फाची शक्यता खूप घटते. सुधारणा वर्षभर आधी झाली असती तर काय झालं असतं, असा प्रश्न मनात येतोच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: जुन्या पद्धतीच्या किती डिस्क तेव्हा विमानांत फिरत होत्या, आणि त्यांना १८,००० हाच आकडा का लागू राहिला? कारखान्यात पद्धत बदलते तेव्हा आधी बाहेर गेलेला माल आपोआप बदलत नाही. आयुर्मान सांभाळणाऱ्याने हे रोज लक्षात ठेवायला हवं.

डिस्क घडून, कातून डिसेंबर १९७१ पर्यंत तयार झाली. अंगात हार्ड अल्फाचा एक कण होता आणि तो नेमका बोअरच्या पृष्ठभागाशी आला. जागा अशी की तिथे ताण सगळ्यात जास्त. शेवटच्या कातकामात किंवा छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग घट्ट करताना तो ठिसूळ कण निखळला असावा, असं तपासात पुढे आलं. मागे राहिला खळगा, लांबी ०.०५५ इंच आणि खोली ०.०१५ इंच. दीड मिलिमीटरही नाही.

घडाई झाल्यावर अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी धातूच्या आतले दोष शोधण्याची तपासणी झाली होती आणि आम्लाने पृष्ठभाग खरवडून धातूचा पोत पाहण्याची मॅक्रोएच तपासणीही झाली होती. पण मॅक्रोएच केलं ते कातकामाच्या मधल्या आकारावर, जेव्हा अजून बराच धातू काढायचा बाकी होता. तयार आकारावर केलं असतं तर दोष बहुधा दिसला असता, असं अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने म्हटलं. तपासणी झाली की नाही यापेक्षा ती कुठल्या टप्प्यावर झाली, हा प्रश्न किती मोठा आहे! नोंदीत ‘तपासणी केली’ एवढंच लिहिलेलं असतं आणि वाचणारा निश्चिंत होतो.

नोंदींचा आणखी एक धक्का याच प्रकरणात आहे. कारखान्याची कागदपत्रं उलगडली, तेव्हा त्यांत विसंगती निघाल्या. एकाच अनुक्रमांकाच्या दोन डिस्कच्या नोंदी होत्या. ज्या भागाचं सगळं आयुष्य त्याच्या क्रमांकाला बांधलेलं असतं, त्याचा क्रमांकच संशयास्पद ठरणं याहून वाईट काही नाही.

एप्रिल १९८८

खळग्यातून भेग अगदी सुरुवातीच्या उड्डाणांतच निघाली आणि जवळजवळ प्रत्येक उड्डाणात कणाकणाने वाढत गेली. फुटलेल्या पृष्ठभागावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या बारीक रेषा झाडाच्या वलयांसारख्या मोजता येतात, आणि त्या डिस्कच्या एकूण सायकलींशी ढोबळमानाने जुळत होत्या. म्हणजे डिस्क सेवेत आली तेव्हापासून ती तुटायला लागली होती. ठणठणीत अशी ती कधीच नव्हती.

तिच्या आयुष्यात सहा वेळा फ्लुरोसंट पेनिट्रंट तपासणी झाली. भाग स्वच्छ करायचा, चमकणारा द्रव लावायचा, तो भेगेत शिरू द्यायचा, वरचा द्रव धुऊन टाकायचा, वाळवायचं, मग डेव्हलपरची पांढरी भुकटी लावायची. भेगेतला द्रव भुकटीत वर ओढला जातो आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली भेग पिवळट हिरव्या रेघेसारखी चमकते. शेवटची तपासणी एप्रिल १९८८ मध्ये युनायटेडच्या ओव्हरहॉल विभागात झाली. त्यानंतर ७६० सायकलींनी अपघात झाला. फुटलेल्या पृष्ठभागावर रंग बदललेला एक भाग सापडला. तो त्या तपासणीच्या वेळच्या भेगेचा ठसा असल्याचं मंडळाने मानलं. लांबी जवळजवळ अर्धा इंच. एवढी भेग या पद्धतीने दिसायला हवी होती.

ती का दिसली नाही, यावर मी अनेकदा विचार केला आहे. डिस्क जड. ती बोअरमधून ओवलेल्या, प्लॅस्टिकच्या नळीत गुंडाळलेल्या तारेवर टांगतात आणि हाताने फिरवत तपासतात. जिथे तार टेकते तिथे भुकटी नीट बसत नाही, दिवाही पोचत नाही. फिरवायला विसरलं, किंवा फिरवूनही तो पट्टा मागेच राहिला, तर नेमका बोअरचा तुकडा नजरेआड होतो. शिवाय तपासणारा एकटा, काम तेच तेच, आणि बोअरमध्ये भेग असेल अशी मनात अपेक्षाच नाही. ज्या जागी कधी काही सापडलेलं नाही तिथे डोळा थांबत नाही. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या प्रकाशात तासभर उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल.

मंडळाने नोव्हेंबर १९९० मध्ये अहवाल मान्य केला. संभाव्य कारण म्हणून त्यांनी त्या ओव्हरहॉल विभागातल्या तपासणी आणि गुणवत्ता नियंत्रणात मानवी मर्यादांचा पुरेसा विचार झाला नव्हता, असं नोंदवलं. मंडळाचे सदस्य जिम बर्नेट यांनी वेगळं मत दिलं. सदोष डिस्क बनवणं आणि विमानाची रचना, हेही कारणात आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. माझं मन बर्नेट यांच्या बाजूने आहे. एका अंधाऱ्या खोलीतल्या एका माणसाच्या डोळ्यावर सगळं टाकणं अन्यायाचं आहे. भट्टी, कातकाम, मॅक्रोएचचा टप्पा, मर्यादेचा हिशेब, सगळ्यांनी आपापल्या परीने ती भेग त्याच्यापर्यंत पोचवली होती. पण अहवालाचा शब्दन् शब्द वाचला तर त्यात त्या माणसाला दोष दिलेला नाही. दोष दिला आहे तो व्यवस्थेला, जिने माणूस थकतो आणि चुकतो हे गृहीतच धरलं नाही. ही ओळ मला फार मोलाची वाटते.

डिस्क कुठे पडली ते शोधायला तीन महिने लागले. ऑक्टोबर १९८९ मध्ये आयोवातल्या आल्टा गावाजवळ मक्याची कापणी सुरू झाली आणि शेतात तिचे मोठे तुकडे मिळाले. तोवर डिस्क का फुटली याचा अंदाजच करावा लागत होता.

एलएलपी शीटवर

इथून पुढे रोजच्या कामाबद्दल. कारण ‘आयुर्मान सांभाळणं’ म्हणजे प्रत्यक्षात एक शीट असते आणि तिच्यावर इंजिनातल्या प्रत्येक डिस्क, हब, शाफ्टचा एकेक ओळीचा इतिहास असतो. भागाचा क्रमांक, अनुक्रमांक, मर्यादा, झालेल्या सायकली, उरलेल्या सायकली. प्रत्येक आकडा जन्मापासून जोडता आला पाहिजे. मधली एका विमान कंपनीची दोन वर्षं सापडत नसतील, तर भाग कितीही चकचकीत असो, त्याची किंमत भंगाराची. लाखो डॉलरची वस्तू एका हरवलेल्या कागदासाठी टाकून देताना व्यवस्थापनाचा चेहरा पडतो. पण माहीत नसलेल्या सायकली शून्य धरता येत नाहीत, हे ठामपणे सांगायचं काम आमचंच.

गुंतागुंत तेव्हा वाढते, जेव्हा तोच भाग वेगवेगळ्या ताकदीच्या इंजिनांत फिरतो. समजा एका ताकदीला मर्यादा २०,००० आहे आणि भागाच्या १२,००० झाल्या. मग तो जास्त ताकदीच्या इंजिनात गेला, जिथे मर्यादा १५,००० आहे. उरल्या किती? घाईत माणूस १५,००० मधून १२,००० वजा करतो आणि ३,००० म्हणतो. नेहमीच्या प्रमाणाच्या पद्धतीने मात्र आधी ६० टक्के आयुष्य संपलं, उरलेले ४० टक्के १५,००० चे, म्हणजे ६,०००. इथे घाईचं उत्तर निदान सुरक्षित बाजूला चुकलं. आता उलट करून पाहा: भाग आधी १५,००० च्या इंजिनात १२,००० झाला, मग २०,००० च्या इंजिनात आला. वजाबाकी ८,००० म्हणेल. खरं उत्तर ४,०००. इथली चूक जीवघेणी आहे, आणि शीटवर ती अगदी नीटनेटकी दिसते.

आणि अख्ख्या इंजिनाचं आयुष्य ठरतं ते सगळ्यात कमी उरलेल्या भागावर. एका डिस्कच्या ९०० सायकली उरल्या असतील तर ते इंजिन ९०० नंतर पंखाखालून उतरणारच. म्हणून शॉप व्हिजिटला, म्हणजे इंजिन दुरुस्तीसाठी शॉपमध्ये येतं तेव्हा, नियोजन करणारा ९०० उरलेली डिस्कही बदलून टाकतो, त्या ९०० वाया गेल्या तरी. तरुण अभियंत्यांना ही उधळपट्टी वाटते. पण इंजिन उघडलंय, डिस्क सुटी हाताशी आहे, ही संधी काही हजार सायकलींनी एकदाच मिळते.

००३८५ नंतर या संधीचा अर्थ बदलला. १९९० मध्ये अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेने, टायटॅनियमच्या फिरत्या भागांच्या आढाव्यासाठी गट नेमला, मग उद्योगातल्या कंपन्यांचे धातुतज्ज्ञ एकत्र बसू लागले. २००१ मध्ये नवी मार्गदर्शिका आली. तिचा गाभा असा: धातूत दोष असू शकतो हे आधीच मान्य करा, मग तो किती वेगाने वाढेल आणि तपासणीत सापडण्याची शक्यता किती, याचा हिशेब मांडा, आणि एका भागामुळे धोका एका उड्डाणामागे अब्जात एकच्या आत राहील असं दाखवा. २००७ मध्ये तो विचार एफएएच्या नियम ३३.७० मध्ये आला. हा नियम आणि युरोपचा नियम, दोन्ही सरळ तीन योजना मागतात: आरेखनाची, उत्पादनाची आणि सेवेतल्या व्यवस्थापनाची, आणि तिन्ही एकमेकींना बांधलेल्या. भट्टीतला माणूस, कातारी आणि शीट लिहिणारा एकाच साखळीत आले. १९७१ मध्ये ही साखळीच नव्हती.

शॉपच्या पातळीवर याचा परिणाम म्हणजे निवडक जागांची वेगळी तपासणी. डिस्क सुटी झाली की बोअरसारख्या जागांवर एडी करंटचा (धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून भेग शोधणारा) प्रोब किंवा अल्ट्रासॉनिक लहर यंत्राने फिरवायची. डोळ्यावर भिस्त ठेवायची नाही.

तरी पुढे दोन प्रकरणं घडली आणि दोन्हींत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने आली. ६ जुलै १९९६ ला पेन्साकोलात डेल्टाच्या एमडी-८८ विमानाचा पंख्याचा हब, म्हणजे पाती बसवलेला मधला भाग, उड्डाणाच्या धावेतच फुटला आणि दोन प्रवासी गेले. तिथे धातू चांगला होता. टाय रॉडचं, म्हणजे भाग एकत्र बांधणाऱ्या सळईचं, भोक पाडताना ड्रिलने ती जागा तापवून कडक केली होती. मर्यादा २०,००० ची, हब गेला तो १४,००० च्याही आत. २८ ऑक्टोबर २०१६ ला शिकागोत अमेरिकन एअरलाइन्सच्या ७६७ ची टर्बाइन डिस्क फुटली. मर्यादा १५,०००, झालेल्या १०,९८४. या वेळी टायटॅनियम नव्हतं, निकेलचा मिश्रधातू होता आणि त्यात वितळवण्याच्या वेळचाच दोष. एक तुकडा जवळजवळ ३,००० फुटांवरच्या गोदामात जाऊन पडला. विमान जमिनीवर होतं, सगळे १७० जण आग लागलेल्या विमानातून बाहेर पडले. ती डिस्क बनली तेव्हा असा आतला दोष शोधण्याचे उपाय अपुरे होते. नंतर तशा डिस्कना सेवेतच अल्ट्रासॉनिक तपासणी बंधनकारक झाली.

आपल्याकडे याची झळ २०२३ पासून बसली. प्रॅट अँड व्हिटनीने जाहीर केलं की एअरबस ए३२० निओच्या इंजिनांतल्या काही डिस्कची धातूची भुकटी २०१५ ते २०२१ या काळात दूषित झाली होती आणि त्या ठरल्या आयुर्मानाच्या बऱ्याच आधी काढून तपासाव्या लागतील. जगभरातली शेकडो इंजिनं उतरवावी लागली. भारतात इंडिगोची डझनावारी विमानं जमिनीवर आली. मुंबईच्या विमानतळावर इंजिनाविना उभ्या असलेल्या विमानांचे फोटो तेव्हा फिरत होते, खाली लोकांचा राग: तिकिटं महाग, फेऱ्या रद्द. राग समजण्यासारखा आहे. मी ते फोटो पाहिले तेव्हा मला समाधान वाटलं. त्या रिकाम्या कवचांतल्या डिस्क भेगेने फुटण्याआधीच अल्ट्रासॉनिक टेबलावर जाणार होत्या, त्यांच्या शीटवर सायकली शिल्लक असताना.